‘इनॉक्युअस’ या इंग्रजी शब्दाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्रजी वर्तमानपत्रे, डॉक्टरांचे अहवाल, न्यायालयांचे निकाल आणि क्रिकेटचे समालोचन, अशा चारही ठिकाणी ‘इनॉक्युअस’ (innocuous) हा शब्द सापडतो. अर्थ ढोबळपणे कळतो, पण मराठीत लिहायची वेळ आली की हात थांबतो. विद्यार्थी आणि अनुवादक यांच्याकडून याबद्दल पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत.

‘इनॉक्युअस’ म्हणजे काय?

ज्याच्यापासून अपाय, इजा किंवा उपद्रव होत नाही असे. हे विशेषण पदार्थाला लागते, प्राण्याला लागते, औषधाला लागते. तसेच एखाद्या प्रश्नाला, शेऱ्याला, आदेशालाही लागते. बोलण्याच्या बाबतीत त्याचा अर्थ ‘कोणाला लागणार नाही, कोणी दुखावणार नाही असे’ इतका होतो. त्यापुढे जाऊन कधीकधी ‘बेचव, काहीच ठामपणे न म्हणणारे’ अशीही छटा येते. एखाद्याच्या भाषणाला इंग्रजी समीक्षक इनॉक्युअस म्हणतो तेव्हा तो कौतुक करत असेलच असे नाही.

एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करून घ्यावी: हा शब्द परिणामाबद्दल बोलतो, हेतूबद्दल नाही. पुढच्या बहुतेक प्रश्नांची उत्तरे याच भेदात आहेत.

उच्चार कसा करायचा?

इ-नॉक्-यु-अस. जोर दुसऱ्या अवयवावर, म्हणजे ‘नॉक्’वर. अमेरिकेत तोच स्वर ‘नाक्’कडे झुकतो. ‘इनोक्युअस’ असा दीर्घ ओ काढू नये.

शब्द आला कुठून?

लॅटिनमधून. ‘नोकेरे’ म्हणजे इजा करणे. त्यावरून ‘नोकुउस’ म्हणजे अपायकारक, आणि त्याला नकाराचा ‘इन्’ लावून ‘इन्नोकुउस’. इंग्रजीत तो सोळाव्या शतकाच्या अखेरीस, १५९०च्या दशकात आला. तेव्हाचे इंग्रज लेखक लॅटिन ग्रंथांतून शब्द जसेच्या तसे उचलून इंग्रजी शेपूट लावत होते. इनॉक्युअस हा त्याच काळातला पाहुणा. बोलीतून झिजत आलेला नाही, म्हणून त्याला आजही पुस्तकी वास आहे.

लॅटिनमध्ये मात्र या शब्दाला दोन तोंडे होती: इजा न करणारा, आणि इजा न झालेला. रोमन कवी व्हर्जिलच्या ‘ईनिड’ महाकाव्याच्या दहाव्या सर्गात जहाजे किनाऱ्याला लागतात, तेव्हा त्यांचे तळ ‘इन्नोकुआए’ टेकले असे कवी म्हणतो. तिथे अर्थ ‘सुखरूप, न फुटता’ असा आहे. हा दुसरा अर्थ आजच्या इंग्रजीत उरलेला नाही. एखादे जहाज वादळातून सुखरूप परतले तर त्याला आता इनॉक्युअस म्हणता येत नाही.

याचे संस्कृत-मराठीशी काही नाते आहे का?

आहे, आणि चांगलेच जवळचे आहे. लॅटिन ‘नोकेरे’च्या मुळाशी भाषाशास्त्रज्ञ एक आदिम धातू मानतात, ‘नेक्’, अर्थ मरण किंवा नष्ट होणे. (फारसीतून आलेल्या आपल्या ‘नेक’ माणसाशी याचा काही संबंध नाही.) या धातूतला क लॅटिनमध्ये क राहिला, संस्कृतात त्याचा श झाला. हा बदल नियमाने होतो. लॅटिन ‘देकेम’ म्हणजे आपले ‘दश’, लॅटिन ‘केंटुम’ म्हणजे आपले ‘शत’. त्याच नियमाने ‘नेक्’चे संस्कृतात ‘नश्’ झाले: नश्यति, नाश, विनाश, नश्वर.

तिथून मराठीत आले की हा धातू थेट स्वयंपाकघरात शिरतो. दूध नासते, आंबा नासका निघतो, अन्नाची नासाडी होते, पोरे घराची नासधूस करतात. म्हणजे लंडनचा वार्ताहर इनॉक्युअस लिहितो आणि कोल्हापुरातली आजी ‘दूध नासलं गं’ म्हणते, तेव्हा दोघांच्या तोंडी एकाच धातूची लेकरे असतात.

नकाराचा ‘इन्’सुद्धा परका नाही. लॅटिन ‘इन्’, इंग्रजी ‘अन्’, ग्रीक ‘अ’ किंवा ‘अन्’ आणि संस्कृत ‘अ’ किंवा ‘अन्’ ही सगळी एकाच उपसर्गाची रूपे. त्यामुळे इनॉक्युअसचे तुकडे पाडून संस्कृतात मांडले तर ‘अ’ अधिक ‘नश्’ अशीच जोडी मिळते.

ग्रीकमध्ये याच धातूपासून ‘नेक्रोस’ म्हणजे प्रेत झाले. ‘नेक्रोसिस’ म्हणजे शरीरातल्या पेशी मरून जाणे, हा डॉक्टरांचा शब्द तिथला. पारशांच्या धर्मग्रंथांच्या भाषेत, म्हणजे अवेस्तात, ‘नसु’ म्हणजे प्रेत. पारशी समाजात दख्म्यात, म्हणजे अंत्यविधीच्या मनोऱ्यात, प्रेत नेणाऱ्यांना ‘नस्सेसालार’ म्हणतात, तो शब्द या ‘नसु’वरूनच, आणि मुंबईत तो अजून वापरात आहे. ग्रीक ‘नेक्तार’, देवांचे पेय, याचीही फोड ‘मरण तरून नेणारे’ अशी करतात. पहिला तुकडा तोच धातू आणि दुसरा आपल्या ‘तरणे’चा सगा. अमृताची कल्पनाही तीच, मात्र ‘अमृत’ शब्द वेगळ्या धातूचा, ‘मृ’चा.

याच घराण्यातले आणखी कोणते इंग्रजी शब्द ओळखीचे आहेत?

पुष्कळ. ‘नॉक्शस’ म्हणजे विषारी, घातक. कारखान्यातल्या वायूंबद्दल हा शब्द येतो. ‘पर्निशस’ आणि ‘इंटरनेसाइन’ हेही ‘नेक्’च्याच वंशातले, पहिल्यात समूळ नाश आणि दुसऱ्यात मुळात कत्तल. ‘ऑब्नॉक्शस’ची गोष्ट थोडी वळणाची. सोळाव्या शतकात इंग्रजीत आला तेव्हा त्याचा अर्थ ‘अपायाच्या तडाख्यात सापडण्याजोगा’ असा होता, म्हणजे इजा सोसणारा. शंभरेक वर्षांत तो फिरला आणि ‘किळस येईल इतका त्रासदायक’ असा झाला.

सर्वांत ओळखीचा मात्र ‘न्यूसन्स’. तो लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आला आणि वाटेत त्याचा क गळून पडला. मूळ अर्थ ‘इजा’ असाच होता, त्रासापर्यंत तो पुढे सौम्य झाला. भारतीय दंड संहितेच्या कलम २६८ मध्ये ‘पब्लिक न्यूसन्स’ होता; १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तो कलम २७० मध्ये आहे. मराठीत त्याला ‘सार्वजनिक उपद्रव’ म्हणतात. हे फार समर्पक आहे, कारण इनॉक्युअससाठी आपला सर्वांत जवळचा शब्द ‘निरुपद्रवी’. इंग्रजीत न्यूसन्स आणि इनॉक्युअस हे एका धातूचे, मराठीत उपद्रव आणि निरुपद्रवी हे एका शब्दाचे. जोडी दोन्हीकडे जुळली.

वैद्यकशास्त्राने या धातूवरून नवे शब्दही घडवले. शरीराला इजा करू शकणाऱ्या गोष्टीची खबर मेंदूकडे पाठवणाऱ्या मज्जातंतूंच्या टोकांना ‘नोसिसेप्टर’ म्हणतात. शेरिंग्टन या इंग्रज शरीरशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही संज्ञा रूढ केली. वॉल्टर केनेडी यांनी १९६१ मध्ये ‘नोसिबो’ हा शब्द दिला. औषध म्हणून दिलेल्या, पण औषध नसलेल्या गोळीला प्लासिबो म्हणतात; त्याचा शब्दशः अर्थ ‘मी सुखावीन’, नोसिबो म्हणजे ‘मी इजा करीन’. साखरेच्या गोळीनेही ‘हिचा त्रास होईल’ या अपेक्षेपोटी माणसाला मळमळ, डोकेदुखी होते, त्याचे हे नाव. गोळी पूर्ण इनॉक्युअस, तरी त्रास खरा.

‘प्रीमुम नोन नोकेरे’, म्हणजे ‘आधी अपाय करू नका’, हे वचनही याच क्रियापदाचे. ते प्राचीन ग्रीक वैद्य हिपोक्रॅटिस याच्या नावाने डॉक्टर घेतात त्या शपथेत आहे असे सर्रास सांगतात. शपथ ग्रीकमध्ये आहे आणि त्यात हे वाक्य या रूपात नाही. त्याच्या जवळ जाणारे विधान हिपोक्रॅटिसच्या परंपरेतल्या ‘एपिडेमिक्स’ या ग्रंथात आहे: उपयोग करा, निदान अपाय तरी करू नका.

‘इनोसंट’ आणि ‘इनॉक्युअस’ एकच का?

सख्खी भावंडे, पण स्वभाव वेगळे. इनोसंट इंग्रजीत आधी, चौदाव्या शतकात, फ्रेंचमधून आला. तो चर्चमध्ये आणि न्यायालयात वाढला, म्हणून त्याला पाप आणि गुन्हा यांचा संदर्भ चिकटला: निष्पाप, निर्दोष, निरागस. त्याचा रोख माणसाच्या मनावर आणि अपराधावर. इनॉक्युअस मागून पुस्तकांतून आला आणि त्याने फक्त परिणामाची बाजू घेतली.

परीक्षा सोपी आहे. दोन वर्षांच्या मुलाने काडी ओढून घर पेटवले. मूल इनोसंट आहे, त्याची कृती इनॉक्युअस नाही. उलट, कोणी द्वेषाने जादूटोण्याची बाहुली करून तिला सुया टोचल्या. कृती इनॉक्युअस आहे, माणूस इनोसंट नाही. म्हणून इनॉक्युअसचे भाषांतर ‘निष्पाप’ किंवा ‘निरागस’ असे केले की अर्थच पालटतो. मराठी बातम्यांत ही गफलत बरीच दिसते आणि ती टाळायला हवी.

तरी दोन ठिकाणी इनोसंटनेच जुना ‘इजा न करणारा’ अर्थ सांभाळून ठेवला आहे. लहान मुलाच्या छातीला स्टेथोस्कोप लावल्यावर हृदयाच्या ठोक्यांबरोबर कधी एक हलकी सरसर ऐकू येते. हृदयात कोणताही दोष नसेल तर डॉक्टर तिला ‘इनोसंट मर्मर’ म्हणतात. आईवडिलांनी तो शब्द वाचून घाबरू नये; तिथे त्याचा अर्थ निर्धोक इतकाच.

दुसरे ठिकाण समुद्र. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतचे पाणी त्या देशाचे. तरीही परक्या जहाजांना त्यातून ‘इनोसंट पॅसेज’चा हक्क असतो. १९८२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायदा कराराचे कलम १९ म्हणते की किनारी राष्ट्राची शांतता, सुव्यवस्था आणि सुरक्षितता यांना बाधा येत नाही तोवर हे जाणे इनोसंट. वाटेत शस्त्रांचा सराव केला, हेरगिरी केली, मासेमारी केली की ते तसे राहत नाही. पाणबुडीने तर वर येऊन आपला झेंडा दाखवतच जायचे. इथे जहाजाच्या पापपुण्याचा प्रश्नच नाही, म्हणून ‘निष्पाप मार्गक्रमण’ हे भाषांतर चुकीचे. ‘निरुपद्रवी मार्गक्रमण’ बरोबर. भारताने १९७६ च्या सागरी क्षेत्र कायद्यात हाच हक्क दिला आहे, मात्र परक्या युद्धनौकांनी आधी केंद्र सरकारला कळवायचे असते.

मग ‘बिनाइन’ म्हणजे इनॉक्युअसच ना?

नाही, आणि हा फरक ज्यांच्या हाती बायॉप्सीचा अहवाल आहे त्यांनी नीट समजून घ्यावा.

बिनाइन हा लॅटिन ‘बेनिग्नुस’वरून आला: ‘बेने’ म्हणजे चांगले आणि पुढे जन्माचा धातू, आपल्या ‘जन्’चाच भाऊ. मूळ अर्थ सुजात, दयाळू. गाठ बिनाइन आहे असे डॉक्टर लिहितात तेव्हा त्याचा अर्थ इतकाच की ती कर्करोगाची नाही: आसपासच्या पेशींत घुसत नाही आणि रक्तातून शरीरात दुसरीकडे पसरत नाही. ती त्रास देणारच नाही, असे त्यात म्हटलेले नाही. कवटीत जागा मोजकी असते. तिथली बिनाइन गाठ वाढली तर मेंदूवर दाब येतो आणि शस्त्रक्रिया करावी लागते. वय वाढल्यावर पुरुषांत प्रोस्टेट ग्रंथी मोठी होते, तिच्या वैद्यकीय नावातच बिनाइन आहे, पण ती लघवी अडवू शकते. गर्भाशयातले फायब्रॉइड बहुतेक बिनाइन असतात आणि तरीही इतका रक्तस्राव करतात की बाई पांढरी पडते.

तेव्हा अहवालात बिनाइन दिसले तर मोठी धास्ती गेली, हे खरे. पण पुढे काय करायचे हे डॉक्टरांना विचारायचेच. बिनाइन गाठ इनॉक्युअस आहे का, हा वेगळा प्रश्न, आणि त्याचे उत्तर ती कुठे आहे आणि किती मोठी आहे यावर ठरते.

साधे ‘हार्मलेस’ म्हटले तर काय बिघडते?

फारसे काही नाही. हार्म हा इंग्रजीचा घरचा, जुना जर्मानिक शब्द. रोजच्या बोलण्यात हार्मलेसच शोभतो. इनॉक्युअस लिखाणात, अहवालात, विश्लेषणात बसतो. शिवाय हार्मलेस माणसाच्या स्वभावालाही सहज लागतो, ‘बिचारा, कोणाच्या अध्यात ना मध्यात’ अशा सुरात.

हा शब्द नेहमी ‘सीमिंगली’ला धरूनच का येतो?

कारण इंग्रजीत तो आज बहुधा दिसण्याबद्दल वापरतात: ‘वरवर निरुपद्रवी दिसणारा, पण’. ‘सीमिंगली इनॉक्युअस’ किंवा ‘इनॉक्युअस-लुकिंग’ वाचले की पुढे काहीतरी विपरीत घडणार, हे सरावलेल्या वाचकाला कळते. खरोखर निरुपद्रवी गोष्टींबद्दल लिहायचे कारणच क्वचित पडते, म्हणून हे झाले असावे असे मला वाटते.

क्रिकेट समालोचनात ‘इनॉक्युअस डिलिव्हरी’ ऐकाल. लेग स्टंपच्या बाहेरचा, काहीच दम नसलेला चेंडू, आणि त्यावर फलंदाज बाद झालेला. फुटबॉलमध्ये खेळाडूचा गुडघा निखळतो तेव्हा धक्का इनॉक्युअस होता असे सांगतात. दोन्हीकडे शब्द कारणाचा किरकोळपणा आणि परिणामाचा मोठेपणा शेजारी ठेवतो.

न्यायालयांत हाच भाव कायद्याचे तत्त्व बनला आहे. सरकारी नोकरीतल्या परिवीक्षाधीन, म्हणजे कायम होण्याआधी चाचणीच्या काळात असलेल्या, कर्मचाऱ्याला कमी केल्याचा आदेश एका ओळीचा, कोणताही ठपका नसलेला असतो. तो दिसायला इनॉक्युअस. पण मागे गैरवर्तनाचा आरोप असेल आणि चौकशी न करता शिक्षा म्हणूनच काढले असेल, तर न्यायालय शब्दांच्या आड पाहू शकते. सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये अनूप जैस्वाल खटल्यात हेच केले: आदेशाचे बाह्य रूप सोडून त्यामागचे खरे कारण पाहिले आणि आदेश रद्द केला.

आणि सर्पदंश. हे उदाहरण महाराष्ट्रातल्या प्रत्येक खेड्यात माहीत असायला हवे, म्हणून जरा थांबून सांगतो. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. तिचे दात बारीक, दंशाला सूज जवळपास नाही, वेदना इतकी कमी की कित्येकांना जागही येत नाही. डॉक्टर लिहितात त्याप्रमाणे खूण इनॉक्युअस. काही तासांनी पापण्या जड होतात, गिळता येत नाही, मग श्वास थांबतो. जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या पहाटे पोटात दुखू लागले आणि पापण्या मिटू लागल्या, तर खूण दिसो वा न दिसो, थेट प्रतिविष असलेल्या रुग्णालयात न्यायचे. मांत्रिकाकडे नाही.

बिनविषारी सापाला इनॉक्युअस म्हणतात का?

जुन्या इंग्रजी निसर्गग्रंथांत म्हणत. आता ‘नॉन-व्हेनमस’ म्हणतात. धामण, दिवड, नानेटी, कवड्या हे आपल्याकडचे बिनविषारी. यातला कवड्या मण्यारीशी गल्लत होऊन मारला जातो. कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होतात आणि शेपटीकडे फिके होत जातात. मण्यारीचे मानेपासून काही अंतर सोडून सुरू होतात आणि शेपटीकडे ठळक असतात. ओळख पटली तरी हात लावू नये, सर्पमित्राला बोलवावे.

शास्त्रीय नावांत हा शब्द टिकून आहे. लिस्टेरिया नावाच्या जिवाणूंच्या कुळात ‘मोनोसायटोजेनिस’ ही जात दूषित अन्नातून माणसाला गंभीर आजार देते. तिच्याच शेजारच्या, रोग न करणाऱ्या जातीला ‘लिस्टेरिया इनोक्युआ’ नाव दिले. अन्नप्रक्रियेने जिवाणू मरतात का हे तपासताना धोकादायक जातीच्या जागी हिला वापरतात. तरीही हिच्या संसर्गाने मृत्यू झाल्याची नोंद वैद्यकीय साहित्यात २००३ मध्ये झाली. असे क्वचितच घडते, पण नाव दिले म्हणून जिवाणू त्याला बांधील नसतो.

मराठीत कोणता शब्द वापरावा?

एकच शब्द सगळीकडे चालवू नये, एवढा माझा आग्रह आहे. प्राणी, माणूस, जिवाणू असेल तर ‘निरुपद्रवी’. आयुर्वेदात एका रोगामागून उद्भवणाऱ्या दुसऱ्या विकाराला ‘उपद्रव’ म्हणतात, त्यामुळे या शब्दाला वैद्यकीय वजनही आहे. पदार्थ किंवा रसायन असेल तर ‘अपायकारक नसलेले’ किंवा सरळ ‘त्याने अपाय होत नाही’. साप असेल तर ‘बिनविषारी’. रस्ता, पाणी, उपाय यांना ‘निर्धोक’. बोलणे किंवा प्रश्न असेल तर ‘साधा’ पुरेसा होतो: ‘तिने साधाच प्रश्न विचारला, पण साहेब भडकले.’ ‘सीमिंगली’ला जोडून आला असेल तर ‘वरवर साधा दिसणारा’ किंवा ‘वरकरणी निरुपद्रवी’.

गुराढोरांच्या बाबतीत खेड्यात याहून नेटका शब्द आहे. बैल एक तर मारका, नाही तर गरीब. ‘जवळ जा, गरीब आहे’ यातल्या ‘गरीब’चा पैशाशी संबंध नाही; तो शिंग उगारणार नाही, इतकेच. कथा-कादंबरीचा अनुवाद करताना गुराला इनॉक्युअस म्हटलेले आढळले तर ‘निरुपद्रवी बैल’ लिहू नका, ‘गरीब बैल’ लिहा.

विरुद्धार्थी शब्द कोणता?

व्याकरणाने ‘नॉक्युअस’. तो सतराव्या शतकापासून इंग्रजीत आहे, पण वापरात जवळजवळ नाही. प्रत्यक्षात ‘हार्मफुल’ किंवा ‘नॉक्शस’ वापरा.

स्पेलिंगमध्ये एन किती? आणि ‘इनॉक्युलेट’ याच्यातलाच का?

इनॉक्युअसमध्ये एन दोन, सी एक. पहिला एन नकाराच्या उपसर्गाचा, दुसरा धातूचा. इनोसंटचेही तसेच.

लस टोचणे या अर्थाच्या इनॉक्युलेटमध्ये मात्र एन एकच, कारण त्याचे घराणे निराळे. तिथला ‘इन्’ म्हणजे ‘आत’, आणि पुढे ‘ओकुलुस’ म्हणजे डोळा. रोमन बागाईतदार एका झाडाचा अंकुर दुसऱ्या झाडाच्या सालीत बसवत, त्या अंकुराला ते डोळा म्हणत. इंग्रजीतही हा शब्द आधी कलमे करण्यासाठीच आला, देवीची लस टोचण्यासाठी पुढे अठराव्या शतकात वापरला गेला. आपल्या बागांत बोरीला किंवा मोसंबीला आजही ‘डोळा भरतात’, हा शब्दप्रयोग लक्षात असला की इनॉक्युलेटचे स्पेलिंग चुकत नाही.